घरातल्या आरओचे फिल्टर किती दिवसांनी बदलावेत? सर्व्हिसवाला दर सहा महिन्यांनी मेम्ब्रेनसकट सगळं बदला म्हणतो

तुमच्या सर्व्हिसवाल्याने अजून सळया काढलेल्या दिसत नाहीत. आमच्याकडे काढल्या होत्या.

आम्ही यावल तालुक्यातले, केळीच्या पट्ट्यातले. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) 1100. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोट्या खडूसारख्या, आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. वरण-बट्टीचा बेत असला की डाळीलासुद्धा आरओचंच पाणी. मोठे साडू धुळ्याला असतात. त्यांच्या मशीनला एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार), दर सहा महिन्यांनी सगळं नवंकोरं. माझी मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, तिसऱ्या वर्षात चाललेली, म्हणून मी चेंगट. "पोराबाळांच्या पाण्यात कसली काटकसर करता?" हे भर पंगतीत, सासूबाईंसमोर.

एका दिवाळीत ते आपला मेकॅनिकच सोबत घेऊन आले. त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले, एक बोअरचा, एक आमच्या आरओचा, आणि दोन्हींत विजेच्या सळया सोडल्या. बोअरचा ग्लास दोन मिनिटांत हिरवट-काळा झाला, वर तपकिरी साय धरली. आरओच्या ग्लासात जराशी पिवळट झाक. "मेम्ब्रेन गेली," म्हणाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

मी त्यांच्या गाडीतली बाटली आणली. तिच्यात धुळ्याचं, त्यांच्या घरच्या आरओचं पाणी होतं. ग्लासात ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, लावा आता सळया. बोअरच्या वरताण रंग आला! अहो, तो गाळ पाण्यातला नसतोच, सळईच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार जास्त तेवढी वीज जास्त वाहते, तेवढं लोखंड झिजतं. मग माझं टीडीएस मोजायचं मीटर काढलं: आत 1100, बाहेर 42. साडू म्हणाले, "मीटर स्वस्तातलं दिसतंय."

आता तुमचं. मेम्ब्रेन तारखेवर बदलायची नाही, मीटरवर. नवी बसवली त्या दिवशीचे आत-बाहेरचे आकडे मशीनच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. बाहेरचा आकडा आतल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर सरकून तिथेच राहिला, किंवा टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला, की बदला. मोजताना टीडीएस कंट्रोलर बंद ठेवा, नाहीतर तो कच्चं पाणी मिसळतो आणि आकडा फसवतो. मशीन रात्रभर बंद असेल तर सुरुवातीचं पाणी सोडून द्या. आमच्याकडे मेम्ब्रेन तीन वर्षं सहज जाते. बाहेरचा पांढरा स्पन (गाळ अडवणारा पहिला फिल्टर) मात्र चहाच्या रंगाचा झाला की काढायचाच. पावसाळ्यात तो दोन महिन्यांतही भरतो.

आणि पाणी धरणाचं असेल तर आधी टीडीएस मोजा. भारतीय मानकात 500 पर्यंत पाणी चांगलं धरलंय. 2019 मध्ये हरित लवादानेही त्याच्या आत आरओ नको, असंच म्हटलं होतं. साडूंच्या नळाला 280 येतो. तरी दर सहा महिन्यांनी मेम्ब्रेन!

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. वरचं सगळं कार्बनला, म्हणजे क्लोरीन शोषणाऱ्या फिल्टरला, लागू करू नका. कार्बन संपला हे ना डोळ्याला दिसत, ना मीटरला. बोअरला क्लोरीन नसतं म्हणून मी तो दोन-दोन वर्षं चालवायचो. मग गावाच्या योजनेचा नळ आला, पाण्याला औषधाचा वास यायचा, आणि मी आपला जुन्याच हिशेबात. क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्ली, सहा महिन्यांत 42 चे 190 झाले. तेव्हा कार्बन वर्षाच्या आत बदला, नळाचं पाणी असेल तर सहा-आठ महिन्यांतच. जंतूही मीटरला कळत नाहीत. टाकी धुणं आणि यूव्हीचा दिवा पाहणं वेगळं.

ही मेम्ब्रेन गेल्याचं साडूंना अजून माहीत नाही भो. नवी मी जळगावहून आणून रविवारी स्वतःच बसवली. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, पण त्या बोललेल्या नाहीत.