कामगार कायद्यांमुळे शेतमजुरांच्या तब्येतीत खरंच काही फरक पडतो का?

पडतो. पण सुरक्षेच्या कलमांपेक्षा मजुरी कशी मोजली जाते यावर जास्त अवलंबून असतं, आणि ते सहसा कुणी बघत नाही.

उन्हाचंच घ्या. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्म्याचे नियम केले. आज ते असे आहेत: पारा साधारण २७ अंशांच्या वर गेला की सावली हवी, माणशी तासाला जवळपास एक लिटर पाणी हवं. ३५ अंशांना शेतात दर दोन तासांनी किमान १० मिनिटं विश्रांती. नव्या मजुरावर पहिले १४ दिवस बारीक लक्ष, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

नियम चांगलेच आहेत. पण मजुरी पेटीमागे असेल, तर दहा मिनिटं बसणं म्हणजे तेवढ्या पेट्या बुडणं. कोण बसेल? म्हणून तिथे २०१६ पासून पेटीमागे मजुरी घेणाऱ्यांना विश्रांतीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. शौचालयाचंही तसंच. ते लांब असलं की बायका पाणीच कमी पितात, मग लघवीची जळजळ, संसर्ग आणि वर उन्हाचा तडाखा. अमेरिकेच्या नियमात २० मजुरांमागे एक शौचालय, तेही साधारण ४०० मीटरच्या आत, असं म्हटलंय ते यासाठीच.

अवजारांवरही कायदा चालतो. आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कंबरेत वाकून खुरपणी केली की मणक्याची वाट लागते. मालकांना ती सोयीची होती, कारण उभा दिसलेला माणूस म्हणजे थांबलेला माणूस, मुकादमाला लांबूनच कळायचं. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये तिच्यावर बंदी आली. लांब दांड्यानेही काम होतंच की!

फवारणीत दोन गोष्टी बघा. एक, औषध मारल्यावर शेतात परत कधी जायचं. विषारीपणानुसार काही तासांपासून काही दिवसांपर्यंत. दुसरी, ऑर्गनोफॉस्फेट (मज्जासंस्थेवर परिणाम करणारी कीटकनाशकं) हाताळणाऱ्यांची रक्ततपासणी. ही औषधं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम दाबतात, म्हणून हंगामाआधी त्याची मूळ पातळी मोजून ठेवायची. तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या ८०% खाली गेली तर कामाची पद्धत तपासायची. ७०% किंवा कमी झाली तर त्या माणसाला औषधापासून दूर ठेवायचं. आधीचं मोजमापच नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही, कारण प्रत्येकाची पातळी वेगळी असते. आणि बाजूला काढल्यावर मजुरी तुटत असेल तर माणूस चक्कर, मळमळ लपवणारच.

शेवटी सूट. अमेरिकेत १९३८ च्या मजुरी कायद्याने शेतमजुरांना जादा तासांच्या दरातून वगळलं, ते केंद्रीय पातळीवर आजही वगळलेले आहेत. दहा किंवा कमी मजूर असलेल्या बहुतेक शेतांवर केंद्राची सुरक्षा तपासणीही होत नाही. म्हणून कुठलाही कायदा वाचताना आधी 'कामगार' कुणाला म्हटलंय आणि किती मजुरांपासून तो लागू होतो, ते बघा. मग परदेशी मजुराचा कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलाय का, तेही. तसा असेल तर तो तक्रार करणार नाही, कारण नोकरीबरोबर देशही सोडावा लागतो.