आधी नाके मोज

शहर किती विस्कळीत पसरतंय हे तपासायचं असेल, तर लोकसंख्येच्या घनतेपासून सुरुवात करू नकोस. इमारती पाडून पुन्हा बांधल्या जातात, घनता वरखाली होते. रस्त्यांचा आराखडा मात्र एकदा पडला की पिढ्यानपिढ्या हलत नाही. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची १८११ साली आखलेली काटकोनी रस्त्यांची चौकट बव्हंशी आजही तशीच आहे.

आधी नाके मोज. प्रत्येक नाक्यावर किती रस्ते मिळतात? बंद गल्लीच्या टोकाला १, तिठ्याला ३, चौकाला ४. यांची सरासरी जितकी कमी, तितकी रस्त्यांची जोडणी कच्ची, म्हणजेच पसारा विस्कळीत. पण अख्ख्या शहराची एकच सरासरी काढलीस तर फसशील: जुना, घट्ट विणलेला गाभा नव्या कडेचं दुखणं झाकून टाकतो. बांधणीच्या काळानुसार तुकडे पाड. अमेरिकेत असं केल्यावर दिसलं, की नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात बराच काळ घसरत गेली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सावरू लागली.

आता नकाशाचे सापळे. यात मी स्वतः कित्येक आठवडे घालवलेत. दुभाजक असलेला रस्ता नकाशावर दोन रेघांनी दाखवतात; असे दोन रस्ते एकमेकांना छेदले, की नकाशावर एका नाक्याचे चार होतात. ते आधी एकत्र कर. हद्दीवर नकाशा कापला की धडधाकट रस्तेही बंद गल्ल्या भासतात, म्हणून थोडा बाहेरचा पट्टा धरून मोज, मग छाट. आणि पायवाटा! टोकाला चालणाऱ्यापुरती वाट असेल, तर ती गल्ली फक्त गाडीवाल्यासाठी बंद आहे. गाड्यांचं आणि चालणाऱ्यांचं, दोन्ही जाळी वेगवेगळी मोज.