कोकणातलं लोकनाट्य दशावतार रेकॉर्ड करायला जातोयस ना, मग हे ऐक

अरे कॅमेरा कुठला ते नंतर, आधी आवाजाचं बघ. हार्वर्ड विद्यापीठात माहितीपट करणाऱ्या रॉबर्ट गार्डनरने १९५७ला फिल्म स्टडी सेंटर काढलं, तिथे नुसत्या फिल्मला नाही, आवाजाच्या कामालाही मदत मिळते, आणि मला ते अगदी पटतं. सिंधुदुर्गातल्या जत्रेत वारा थांबत नाही, माइकला केसाळ कव्हर लावल्याशिवाय निघूच नकोस, रेकॉर्डरवर २४ बिट (आवाज जास्त बारकाईने साठवणारं सेटिंग) ठेव आणि रेकॉर्डिंगची लेव्हल कमीच, कारण पेटी-पखवाज संथ चालू असतात नि राक्षस आला की झांज अशी कडाडते की रेकॉर्डिंगमधला आवाज फाटतो. संवाद लिहिलेले नसतात रे, नट जागेवरच रचतात, म्हणून मधे बंद करू नको. परवानगी दशावतारी नाटक कंपनीच्या मालकाची घे, देवळातल्या मानकऱ्यांनाही विचार, आणि रेकॉर्डिंगची कॉपी नटांना नक्की दे.