फोनवरचे फोटो उडवले, लॅपटॉपवरूनपण गेले!

प्रश्न: नमस्कार, क्लाउडचे पैसे दर महिन्याला कोण भरणार म्हणून भाच्याने फोन आणि लॅपटॉपवर सिंकथिंग (दोन यंत्रांतलं फोल्डर सारखं ठेवणारं ॲप) टाकून दिलं, कॅमेऱ्याचे फोटो आपोआप लॅपटॉपवर यायचे. परवा फोन भरला म्हणून जुने फोटो डिलीट केले, म्हटलं लॅपटॉपवर आहेतच, तर संध्याकाळी तिथूनपण गायब! परत मिळतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: काका, आधी गॅलरीचा ट्रॅश बघा, बऱ्याच फोनमध्ये डिलीट केलेले फोटो काही दिवस तिथे राहतात. मग लॅपटॉपवर हिडन फाइल्स दाखवा असं सेटिंग करून फोटोंच्या फोल्डरमध्ये 'डॉट एसटीव्हर्जन्स' (.stversions) नावाचं फोल्डर दिसतं का बघा, भाच्याने व्हर्जनिंग (डिलीट झालेल्या किंवा बदललेल्या फाइल्स बाजूला जपून ठेवायची सोय) चालू केलं असेल तर सगळे फोटो त्यात पडलेले असतील. केलं नसेल तर अवघड आहे, कारण सिंकथिंगमध्ये मध्ये कुणाचा सर्व्हरच नाही जिथे तिसरी कॉपी असेल, तुमची दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात, आणि थेट जमलं नाही तर रिले (डेटा नुसता पुढे पोचवणारा मधला दुवा) वापरतात पण रिलेवाल्याला आतलं काही वाचता येत नाही. आणि डिलीट हापण एक बदलच, तो इमानदारीत पलीकडे पोचवला जातो!

कुणी सांगेल लॅपटॉपवर 'रिसीव्ह ओन्ली' करा म्हणजे झालं. नाही होत. त्याने फक्त लॅपटॉपवरचे बदल फोनकडे जायचे थांबतात, फोनवरचं डिलीट येतंच. त्यापेक्षा लॅपटॉपच्या ब्राउजरमध्ये सिंकथिंगचं पान उघडा (पत्ता localhost:8384), फोल्डर एडिट करून फाइल व्हर्जनिंगमध्ये 'ट्रॅश कॅन' निवडा, दिवस ० ठेवले की ते आपणहून काही साफ करत नाही.

आणि फोन रिकामा करायचा तर उलटं करा, मी स्वतः असंच करते. फोल्डर दोन्हीकडे 'सेंड अँड रिसीव्ह' ठेवायचं, सगळं सिंक झालंय बघून लॅपटॉपवरचे जुने फोटो त्या फोल्डरमधून कट करून बाहेरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे, की दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असली म्हणजे फोनवरून ते आपोआप जातात. पण आधी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी मारा हां, लग्नाबिग्नाचे फोटो असतील तर नक्कीच.

जाता जाता, सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालंय, आता लोक 'सिंकथिंग-फोर्क' वापरतात. फोनवर कुठलं आहे ते भाच्याला विचारून घ्या.