मिनिटाला किती जोक, यावरून लेखन कळत नाही

मिनिटाला किती जोक पडतात यावरून कार्टून सिरियलचं लेखन जोखता येतं का, आणि मग फॅमिली गाय सिम्पसन्सच्या वर नको का धरायला, असं विचारलंयस. माझ्या मते नको. मी साधं बघतो, जोक त्या पात्राकडून काढून दुसऱ्याला दिला तर काय होतं? काहीच फरक पडत नसेल तर लेखकाने फार डोकं लावलेलं नाही.

सिम्पसन्सचा १९९३ चा केप फिअर एपिसोड घे. त्यात साइडशो बॉब, म्हणजे या सिरियलमधला खलनायक, बागेतल्या दाताळ्यांवर पाय देतो आणि दांडा खाडकन तोंडावर बसतो, एकदा नाही, नऊ वेळा. एपिसोड लांबीला कमी पडत होता म्हणून ते ताणलंय, म्हणजे चक्क भरती. तरी हसू येतं कारण तो बॉब आहे, स्वतःला महान कलावंत समजणारा, ऑपेरावाल्यासारखा खर्ज लावून बोलणारा माणूस. होमरला, म्हणजे सिम्पसन्सच्या घरातल्या वेंधळ्या बापाला, नऊ दांडे बसले असते तर तिसऱ्यानंतर आपण मोबाइल काढला असता, त्याचं ते रोजचंच आहे. आणि खरी कमाल शेवटाला आहे, होमरच्या मुलाला, बार्टला, मारायला आलेला बॉब बार्टनेच गळ घातली म्हणून पिनाफोर नावाचा अख्खा विनोदी ऑपेरा गाऊन दाखवतो आणि तेवढ्यात पोलिसांच्या हाती लागतो. ज्या घमेंडीवर आपण हसलो तिनेच गोष्ट संपवली. असं लेखन मोजून कसं सापडणार?

उलट उदाहरण त्याच सिरियलमध्ये आहे. नेड फ्लँडर्स सुरुवातीला नुसता चांगला शेजारी होता, सगळं होमरपेक्षा बरं असलेला, म्हणून होमर जळायचा. धार्मिक होता पण ती त्याची एक बाजू. पुढे पुढे तेवढंच उरलं. फॅन लोक याला फ्लँडरायझेशन म्हणतात, आणि ते दिसायला लागलं की समजायचं लेखकांकडचा माल संपत आलाय.

आता फॅमिली गाय. कटअवे म्हणजे गोष्ट थांबवून मधेच भलतंच काहीतरी दाखवायचं, त्यात काही खरंच जबरदस्त आहेत, पण बरेचसे कुठल्याही एपिसोडमध्ये चिकटवले तरी चालतील. साउथ पार्क या तिसऱ्या कार्टून सिरियलवाल्यांनी २००६ मध्ये यावरच टोमणा मारला होता की हे जोक टाकीतले मॅनेटी शब्द लिहिलेले बॉल निवडून बनवतात (मॅनेटी म्हणजे ते पाण्यातले गलेलठ्ठ प्राणी). जरा जास्तच झालं ते, पण मुद्दा बरोबर. साउथ पार्क बनवणाऱ्या पार्कर आणि स्टोनचा एक नियम मला फार पटतो, दोन प्रसंगांच्या मधे ‘त्यामुळे’ किंवा ‘पण’ बसलं पाहिजे, ‘आणि मग’ बसत असेल तर गडबड आहे. त्यांचा एपिसोड आठवड्याभरात तयार होतो त्यामुळे कधी कधी अगदीच कच्चा निघतो, पण गोष्ट सहसा सुटत नाही.

आणि हो, यातल्या कुठल्याच सिरियलमध्ये हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज नाही (फ्लिंटस्टोन्स या जुन्या कार्टूनमध्ये १९६० साली होता), त्यामुळे कुठे थांबायचं हेही लेखनातच आलं.

फॅमिली गायच आवडत असेल तर ब्रायन (घरातला बोलणारा कुत्रा) आणि स्टुई (घरातलं तान्हं पोर) यांचे प्रवासाचे एपिसोड बघ, ‘रोड टू ऱ्होड आयलंड’पासून सुरू कर. दोघांचं एकमेकांशी पटत नाही पण एकमेकांशिवाय चालतही नाही, आणि बरेचसे जोक त्यातूनच येतात. ते बघून झालं की कटअवेवाला एखादा एपिसोड लाव आणि सांग कुठला लक्षात राहिला.