खेळतोय म्हणजे ठीक आहे, असं नसतं

प्रश्न: मागच्या आठवड्यात आमच्या बीगल कुत्र्याने (वय २ वर्षं, वजन १२ किलो) आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट सोफ्यावरून ओढलं. आयबुप्रोफेन ४०० एमजी, आम्ही बघेपर्यंत ३ गोळ्या गायब. पण तो मस्त खेळत होता म्हणून म्हटलं बघू थोडा वेळ, मग कोणीतरी सांगितलं मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल, ते पाजलं तर उलटी झालीच नाही आणि दुसऱ्या दिवशी शी एकदम काळी, डांबरासारखी. मग डॉक्टर, सलाईन, इंजेक्शनं. आता बरा आहे. आमचं नेमकं काय चुकलं?

उत्तर: आधी हिशोब करू, कारण डॉक्टरही फोनवर हेच करतात. ३ गोळ्या म्हणजे १२०० एमजी, भागिले १२ किलो, म्हणजे किलोमागे १०० एमजी. एवढ्यात कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्त येऊ शकतं, म्हणून ती काळी शी. याच्याही वर गेलं की किडनीवर येतं आणि मग प्रकरण फार अवघड होतं.

पहिली चूक, "बघू थोडा वेळ". उलटी करवून गोळी बाहेर काढायची तर ती साधारण पहिल्या तास-दोन तासांतच, नंतर ती पोटातून पुढे सरकलेली असते. आणि त्या वेळात कुत्रा खेळतच असतो हो, लक्षणं दिसायला लागतात तोवर ही संधी गेलेली असते. पॅरासिटामॉलचंही तसंच, लिव्हर खराब होतंय हे बाहेरून लगेच कळत नाही (घरात मांजर असेल तर तिला त्याची एक गोळीसुद्धा जीवघेणी).

दुसरी चूक मिठाचं पाणी, ते कृपा करून कोणीही पाजू नका. उलटी नाही झाली तर ते सगळं मीठ अंगात जातं, रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, म्हणजे एका विषावर दुसरं विष. दूध-तेलाचाही उपयोग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल नेटवर वाचलं असेल, ते ३ टक्क्यांचंच आणि डॉक्टरांनी फोनवर माप सांगितलं तरच. कुत्रा सुस्त असेल, झटके येत असतील तर उलटी करवायचीच नाही, ती श्वासनलिकेत जाते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांनाही तोच धोका.

मग करायचं काय? तोंडात उरलेलं काढा, पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजा, जमिनीवर, सोफ्याखाली सांडलेल्या गोळ्या शोधा आणि लगेच फोन. औषधाचं नाव, एमजी, किती गोळ्या, किती वाजता, कुत्र्याचं वजन. नक्की आकडा माहीत नसेल तर जास्तीत जास्त धरा. जाताना पाकीट सोबत न्या, "ती पांढरी गोल गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही. दवाखान्यात वेळेत पोचलात तर उलटीचं इंजेक्शन आणि गरजेप्रमाणे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतात, तो पोटातलं औषध धरून ठेवतो.

सगळ्याच गोळ्या इतक्या वाईट नसतात, थायरॉइडच्या गोळीचा डोस तर कुत्र्यांना वजनाच्या मानाने माणसापेक्षा कितीतरी जास्त लागतो. पण कुठली गोळी कशी हे आपण ठरवायचं नाही. शुगर, बीपी, व्हिटॅमिन डी, सगळ्यांसाठी फोन.

तुमच्या बीगलची क्रिएटिनिनची टेस्ट (किडनी नीट चालतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि अल्सरचं औषध तो बरा दिसतोय म्हणून मध्येच बंद करू नका.