ड्रमरनं काय नारळ फोडायचे?

प्रश्न : काका, आमचा चौघांचा रॉक बँड आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला चार गाणी गाजली. आता गिटार बाजूला ठेवून हलगी, लॅपटॉप आणि रंकाळ्यावर टिपलेले आवाज यांचा अल्बम करतोय. आठ महिने झाले, एकही गाणं पुरं नाही. ड्रमर म्हणतो, ताल लॅपटॉपच धरणार तर मी काय नारळ फोडू? आणि अल्बम झालाच तर बाहेर कसा काढायचा?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, आठ महिन्यांत घाबरलास होय? इंग्लंडच्या रेडिओहेड या रॉक बँडनं ‘किड ए’ अल्बमचं काम १९९९च्या जानेवारीत पॅरिसमध्ये धरलं, मग कोपनहेगन, मग इंग्लंड. अल्बम आला २०००च्या ऑक्टोबरात. आधीचा ‘ओके कॉम्प्युटर’ जगभर वाजलेला, आणि त्यांचा गायक थॉम यॉर्कला गिटारच नकोशी झालेली. तीन गिटारवाल्यांचा बँड तो! बाकीच्यांना हातात काय धरावं कळेना. बाहेर काढण्याजोगं काही जमलं नाही तर बँड मोडायचा, इथवर बोलणं गेलं होतं. तेव्हा निर्माता नायजेल गॉडरिचनं दोन गट करून दोन खोल्यांत बसवले. गिटार-ड्रमला हात लावायचा नाही; एका खोलीनं आवाज तयार करायचे, दुसरीनं त्यांचं काहीतरी घडवायचं. तुझ्या ड्रमरला हेच काम दे. रंकाळ्याचे आवाज त्याच्या हवाली कर. ठोका कुठं पडायला हवा हे लॅपटॉपपेक्षा त्याला जास्त कळतं.

हलगीचं मात्र माझ्याकडनं ऐक, तिथं मी पोळलोय. टेपच्या जमान्यात लक्ष्मीपुरीतल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करायचो. हलगीवाले मामा आले, मागच्या बोळात कागद पेटवून हलगी शेकली, आत येऊन पहिला ठोका दिला आणि मीटरचा काटा लालमध्ये जाऊन आपटला. माईक वीतभरावर ठेवला होता मी, शहाण्यानं! तो मागं घेतला, पुन्हा, पुन्हा. चौथ्या टेकपर्यंत कातडं गार होऊन स्वर उतरला, आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या टेकची सुरुवात चौथ्याला जोडली. बरोबर जोडावर हलगीला पडसं झाल्यासारखं वाटायचं. मामांनी ऐकून एवढंच विचारलं, “ही दुसरी हलगी कुणाची?”

तेव्हा दर टेकआधी शेकू द्या, माईक चार-पाच फुटांवर ठेवा. आणि काही पुसू नका. टेप महाग म्हणून मी उरलेले टेक पुसले, ती चुटपुट अजून आहे. रेडिओहेडच्या त्याच रेकॉर्डिंगमधनं २००१ मध्ये ‘अम्नीझियाक’ हा आणखी एक अख्खा अल्बम निघाला.

बाहेर काढण्याचं म्हणशील तर त्यांची नक्कल करू नका. त्यांनी एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढलं नाही, नेहमीचे व्हिडिओ केले नाहीत, नुसत्या चिमुकल्या चित्रफिती सोडल्या. अल्बम आधीच नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घ्यायच्या सोयीवर, फुटला, तरी ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्यांच्यामागं ‘ओके कॉम्प्युटर’ होता, तुमच्यामागं गॅदरिंग आहे. तुम्ही एक तुकडा आधी सोडा, हलगीचाच. मग एखादा लहान हॉल घ्या, पन्नास खुर्च्या मांडा, दिवे घालवून अल्बम सलग ऐकवा. हलगीवाल्याचं मानधन त्याच्याही आधी, आणि श्रेयात त्याचं पूर्ण नाव. ‘लोकवाद्य’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

प्रश्न : ‘किड ए’मध्ये ओंद मार्तनो नावाचं वाद्य आहे म्हणे. ती पेटीच का?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : दिसायला पेटीची बहीण, स्वभावानं सारंगीची. फ्रान्सच्या मोरिस मार्तनोनं १९२८ मध्ये लोकांपुढं आणलेलं विजेवरचं वाद्य. पट्ट्यांच्या पुढं आडवी तार असते, तिच्यातली अंगठी बोटात घालून सरकवली की स्वर घरंगळत जातो. डावा हात आवाज लहान-मोठा करतो. पेटीला काही केल्या न निघणारी मींड इथं निघते. रेडिओहेडमध्ये ते जॉनी ग्रीनवुड वाजवतो. मी फक्त ऐकलंय. कोल्हापुरात कुणाकडं असलंच तर कळवा, चहा माझ्याकडनं.